यादी आमची जुनी आहे

जगातली मोठमोठी साम्राज्यं तलवारीनं बुडाली नाहीत, तोफांनीही बुडाली नाहीत. ती बुडाली धड न लिहिलेल्या वाक्यांमुळे. ज्या दिवशी एक माणूस दुसऱ्याला त्याचं नेमकं काय चुकलं ते स्वच्छ शब्दांत सांगू शकेल, त्या दिवशी पृथ्वीवरचं निम्मं दुःख संपलेलं असेल.

हे मी पुसदला, कपिलच्या ऑफिसात, उभं राहून म्हणालो.

"काका," कपिल म्हणाला, "पाय उचला. वायरवर हाय तुमचा. नेट गेलं."

मी पाय उचलला. नेट काही आलं नाही. पृथ्वीवरचं दुःख होतं तेवढंच राहिलं आणि आम्ही दोघं पंख्याकडे बघत बसलो.

कपिलचं ऑफिस एका कृषी केंद्राच्या वर आहे. खाली बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकतात. दुपार झाली की औषधाचा वास जिना चढून वर येतो. त्यामुळे त्याच्या ऑफिसात डास नाहीत आणि गिऱ्हाईकही फार वेळ बसत नाही. कपिल माझ्या मित्राचा मुलगा. पुण्यात तीन वर्षं काढून परत आला आणि आता शाळांना, पतसंस्थांना, मंगल कार्यालयांना सॉफ्टवेअर करून देतो. काही वर्षांपूर्वी त्याला यवतमाळच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं काम मिळालं होतं. मुलींनी मोबाइलवरून अर्ज भरायचा, असं ते पोर्टल. वसतिगृहाचं नाव सांगत नाही. लोक चांगले आहेत.

मला त्यानं बोलावलं ते वसतिगृहाच्या अधीक्षक उज्ज्वला मॅडम यांच्यामुळे. मी एका साप्ताहिकात तिरकस सदर लिहायचो. साप्ताहिक बंद पडलं, सवय राहिली. मॅडमनी ते सदर कधीतरी वाचलं असावं, कारण त्या कपिलला म्हणाल्या होत्या, "तुमच्या त्या मारोतराव काकांना विचारा. फोन उचलून उचलून माझा कान सुजलाय. दर फोनला एकच प्रश्न, मॅडम, अवैध म्हणजे काय?"

झालं होतं असं. चूक झाल्यास अर्जदाराला संदेश दिसावा, असं करारात लिहिलं होतं. कपिलनं एक संदेश केला. करार पूर्ण. संदेश असा होता: 'अवैध नोंद. कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

फोटो मोठा झाला, अवैध नोंद. मोबाइल नंबरात आकडा कमी पडला, अवैध नोंद. मुलीनं सगळं बरोबर भरलं आणि यवतमाळकडची लाईन, म्हणजे वीज, गेली, तरी अवैध नोंद. आता आपल्या जिल्ह्यात अवैध हा शब्द दारू, वाळू आणि सागवान यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे. एका बापानं तो वाचून मॅडमना कळवलं होतं की आमच्या पोरीवर आजवर एकही केस नाही, पाहिजे तर ठाण्यात विचारा.

"तुमी फक्त चांगलं मराठीत लिवून द्या," कपिल म्हणाला. "दहा-बारा वाक्य हायेत. चहा मी पाजतो."

मी पहिलं वाक्य लिहिलं. 'महोदया, आपण सादर केलेले छायाचित्र विहित मर्यादेपेक्षा अधिक आकारमानाचे असल्याने ते स्वीकारण्यास आम्ही असमर्थ आहोत, याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो.'

कपिलनं ते वाचलं. "काका, हे वाचून होईस्तोर पोट्टीचं लग्न होऊन जाईन."

मी ते खोडून लिहिलं, 'फोटो आहे की होर्डिंग?'

तो हसला, मग त्याला गिऱ्हाईक आठवलं. "नाही जमत. मॅडम मले उभा चिरतीन."

तिसऱ्यांदा लिहिलं: 'फोटो फार मोठा आहे. खालचं "लहान करा" हे बटण दाबा.'

"हे मस्त हाय," कपिल म्हणाला. "पण असं बटणच नाही."

"मग कर."

त्याचा चेहरा पडला. त्या क्षणी मला एक गोष्ट समजली जी इतकी वर्षं लिहून समजली नव्हती. स्पष्ट लिहिलं की कोणाच्या तरी अंगावर काम पडतं. लोक उगाच मोघम लिहीत नाहीत.

दुपारी, नेट आल्यावर आणि लाईन गेल्यावर, जिन्यावर पावलं वाजली. धोतर-टोपीतला एक उंच माणूस दारात उभा राहिला आणि त्याच्या मागं हातात मोबाइल धरलेली मुलगी.

"कपिल इंजिनेर इथीच बसते का जी?"

माणसाचं नाव उत्तमसिंग. ढाणकीच्या पलीकडच्या बंजारा तांड्यावरचा, कापूस आणि तूर पेरणारा. मुलगी रंजिता, त्याची थोरली. ढाणकीहून उमरखेड, उमरखेडहून पुसद अशा दोन एसट्या करून आले होते. पोर्टलच्या अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात, कपिलनं आपलं नाव आणि गाव टाकलं होतं. आजवर ते कोणी वाचलं असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. रंजितानं वाचलं होतं.

"तुमचं ते मशीन माह्या पोरीले घेऊन नाही राह्यलं," उत्तमसिंग म्हणाला आणि खुर्ची असताना भिंतीला टेकून खाली बसला. "उद्या शेवटची तारीख."

रंजिताला यवतमाळला नर्सिंगला नंबर लागला होता. बापाचं म्हणणं साधं होतं. वसतिगृह भेटलं तर जायचं, नाही भेटलं तर नाही. परक्या गावात खोली करून राहायचं, हे त्याच्या तोंडून निघणारच नव्हतं, आणि रंजितानंही ते काढायचा प्रयत्न सोडलेला दिसला. म्हणजे नर्सिंगचं सगळं आता त्या एका अर्जावर येऊन अडकलं होतं आणि अर्ज म्हणत होता, अवैध नोंद.

"काय काय करून पाह्यलं?" कपिलनं विचारलं.

"काय नाही केलं ते विचारा," रंजिता म्हणाली.

पहिल्यांदा तिला वाटलं फोटो. ढाणकीला जाऊन दुसरा काढला, कानातले उतरवून. मग वाटलं बापाचं नाव. उत्तमसिंग जोडून लिहिलं, तोडून लिहिलं, सिंग काढून लिहिलं. नेट नसेल म्हणून पाण्याच्या टाकीवर चढून भरलं. तिची याडी जमनी, म्हणजे आई, तिनं मंगळवारी उपास धरून भरायला सांगितलं. शेजारच्या बबितानं सांगितलं की स्वस्तातला मोबाइल असला की सरकार घेत नाही, म्हणून तिच्या नवऱ्याचा महागातला आणून भरलं. सगळीकडून उत्तर एकच. माणसाला कुठं चुकलं ते सांगितलं नाही, की तो स्वतःचं सगळंच तपासत सुटतो, आधी चेहरा, मग नाव, मग नशीब.

"मले त वाटते," उत्तमसिंग म्हणाला, "तिच्या मार्कातच काही खोट हाय, आन् मशीनले तोंडावर सांगाले लाज वाटून राह्यली."

कपिलनं लॅपटॉप ओढला, त्याला मोबाइलचं नेट जोडलं. बाहेर 'अवैध नोंद' दिसत असली तरी आत, त्याच्या एकट्यासाठी, खरं कारण लिहिलेलं असतं. हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे मशीनला सगळं माहीत होतं, फक्त ते ज्याला सांगायला हवं त्याला सांगत नव्हतं. या बाबतीत त्याला नावं ठेवायला मला जागा नव्हती. अख्खं तहसील तसंच चालतं.

"गाव चुकलं," कपिल म्हणाला. "तुमी लिवलं 'रामधन नाईक तांडा'. यादीत असं गावच नाही. 'धावजी नाईक तांडा' हाय."

"मी म्हणलं होतं," रंजिता हळूच म्हणाली.

"तू म्हणलं होतं," उत्तमसिंग म्हणाला, "मशीन कुठी म्हणलं होतं?"

कपिलला प्रश्न सुटल्याचा आनंद झाला होता. "मंग काय, धावजी लिवा. आधारवर बी तेच हाय. आत्ताच्या आत्ता होते."

उत्तमसिंगनं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"धावजी नायक वारला," तो म्हणाला. "आता रामधन नायक हाय."

तांड्याचं नाव नाईकावरून, म्हणजे तांड्याच्या प्रमुखावरून, पडतं. धावजी नाईक होता तोवर धावजी नाईक तांडा. तो गेला, पंचांनी त्याच्या मुलाला, रामधनला बसवलं, तेव्हापासून तोंडातोंडी रामधन नाईक तांडा. लग्नाच्या पत्रिकेवर तेच, क्रिकेटच्या टीमच्या बनियनवर तेच. सरकारी कागदावर मात्र एकदा बसलेलं नाव उठत नाही. तिथं धावजी अजून कारभार बघतो.

"अहो, खाली नुसतं लिवाचं हाय," कपिल म्हणाला. "कोणाले दिसते?"

"मले दिसते," उत्तमसिंग म्हणाला. "मी त्या तांड्यात राह्यतो, बाबू. जिता नायक सोडून मेलेल्याचं नाव माह्या पोरीच्या कागदावर गेलं, तर मी त्याच्या वट्ट्यावर कोणतं तोंड घेऊन बसू? तिच्या जाण्याले त्यानंच पंचात हाव म्हणलं. दुसरे त तयारच नव्हते."

रंजिता खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. टाकीवर चढून, उपास करून, फोटो काढून झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो थकवा असतो तो होता.

"नायकालेच फोन लावू ना, बा," ती म्हणाली.

फोन लागला. उत्तमसिंगनं तो टेबलावर ठेवला आणि स्पीकर सुरू केला. जय सेवालाल झालं, पाऊसपाणी झालं, कपाशीवरची बोंडअळी झाली. मग अर्धं गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, अर्धं मराठीत त्यानं प्रकरण सांगितलं.

तिकडे मागं बकरी ओरडत होती.

"मंग मी काय मेलो का?" रामधन नाईक म्हणाला.

"नाही ना, नायक."

"बापाच्या नावाचं मले दुःख नाही. बाप होता माहा. पण तो रामलाल हाय ना, तो रोज पारावर बसून म्हणते, रामधनले सरकारनं कुठी नायक मानलं? आता तुह्या पोरीच्या कागदानं त्याचं खरं होते. यादी बदलाले सांग त्या इंजिनेरले."

"यादी वरून येते, जी," कपिल फोनच्या दिशेनं वाकून म्हणाला. "मले नाही बदलता येत. उद्यापर्यंत त बिलकुलच नाही."

"मंग मशीन काय म्हणते आमच्या नावाले?"

कपिलनं माझ्याकडे पाहिलं. सध्या मशीन म्हणत होतं 'अवैध'. हे नाईकाला वाचून दाखवणं बरं नव्हतं.

"मशीन काय म्हणणार, ते आता आम्ही लिहितोय," मी म्हणालो.

"कोण बोलून राह्यलं?"

"मारोतराव. मी वाक्यं लिहितो."

"ल्या. इंजिनेर एक, लिवणारा दुसरा. लिवा मंग. मी ऐकतो."

तर अशा रीतीनं, मराठी भाषेतला एक संदेश एका पडवीत बसलेल्या नाईकासमोर मंजुरीसाठी ठेवण्यात आला. कपिलचा मसुदा पहिला. "'गाव यादीत नाही.'"

"नाही म्हणजे?" फोन गरजला. "येवढी माणसं हवेत राह्यते का?"

मी सुधारलं. "'हे नाव यादीत सापडलं नाही.'"

"कोणाच्या यादीत?"

"'आमच्या यादीत.'"

"आमच्या म्हणजे तुमच्या."

"हो, मशीनच्या."

"मंग असं सांगा का, की तुमची यादी कोण्या जमान्याची हाय. आमचं नाव चूक हाय असं नका सांगू."

कपिलनं फोनवर हात ठेवला. "काका, सॉफ्टवेअर असं कबूल नाही करत. गिऱ्हाईक म्हणते, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर खराब."

"सॉफ्टवेअर खराब म्हणू नको. यादी जुनी म्हण. यादी तू केलेली नाही."

हे त्याला पटलं. दुसऱ्याची चूक मान्य करायला माणूस लवकर तयार होतो. त्यानं फोनवरचा हात काढला आणि मी वाचलं, "'हे नाव आमच्या यादीत सापडलं नाही. यादी आमची जुनी आहे. तुम्ही लिहिलेलं नाव चूक आहे असं नाही.'"

फोनमधली बकरीसुद्धा थांबली.

"पुन्यांदा वाचा," नाईक म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.

"हे मशीन सोता म्हणन?"

"स्वतः म्हणेल."

"जो कोणी रामधन नाईक तांडा लिवन, त्याले म्हणन? रामलालच्या पोट्ट्यानं लिवलं तरी?"

"त्यालाही."

तिकडे गोरबोलीत कोणाशी तरी बोलणं झालं. बाईचा आवाज आला, ती हसत होती. बहुधा नाईकाची बायको.

"आता पुढं," नाईक म्हणाला. "पोरीनं काय कराव, ते बी लिवा. नुसतं आपलं रडगाणं गाऊन काय फायदा?"

"'आधार कार्डावर गावाचं जे नाव असेल ते लिहा.'"

"आन्?"

"आणि काय?"

"आन् त्यानं तांड्याचं नाव बदलत नाही, हे लिवा. नाही त रामलाल म्हणन, पाहा, बदललं."

कपिल कुरकुरला की चौकटीत एवढं बसत नाही. मग त्यानं चौकट मोठी केली. ते करताना मागचं-पुढचं काहीतरी बिघडलं, ते दुरुस्त केलं, तेवढ्यात लॅपटॉपची बॅटरी उतरली, म्हणून खालच्या कृषी केंद्राच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली. उत्तमसिंग भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. नाईक फोनवर तसाच होता. मध्येच विचारायचा, "झालं का?" आणि आम्ही म्हणायचो, "होऊन राह्यलं."

झालं तेव्हा रंजितानं धावजी लिहायला सुरुवात केली.

"थांब वं," फोनमधून आवाज आला. तिथून त्याला दिसलं कसं, कोण जाणे. "आंधी माह्यं नाव टाक. मशीन काय म्हणते ते मले आयकू दे."

रंजितानं रामधन नाईक तांडा लिहिलं. बटण दाबलं. चौकट उघडली आणि तिनं शाळेत धडा वाचतात तशा आवाजात वाचून दाखवलं. हे नाव आमच्या यादीत सापडलं नाही. यादी आमची जुनी आहे. तुम्ही लिहिलेलं नाव चूक आहे असं नाही. आधार कार्डावर गावाचं जे नाव असेल ते लिहा. त्यानं तुमच्या गावाचं नाव बदलत नाही.

"हाव," रामधन नाईक समाधानानं म्हणाला. "आता टाक बापाचं."

तिनं टाकलं. हिरवी खूण आली. रंजितानं मोबाइल ओढणीला पुसला आणि तो पालथा करून मांडीवर ठेवला, जसं काही तो पुन्हा मत बदलेल. उत्तमसिंग उठला, कपिलला नमस्कार केला, मला केला, आणि मग जराशा संकोचानं लॅपटॉपलाही केला.

इथं गोष्ट संपवली असती तर मी शहाणा लेखक ठरलो असतो.

मुदत संपल्यावर दोन दिवसांनी उज्ज्वला मॅडमचा फोन आला. आवाज असा, जणू रात्रभर गव्हाची पोती उचलली आहेत.

"मारोतराव, तुमचे मेसेज फार चांगले झालेत."

"आभारी आहे."

"मी तक्रार करतेय."

दरवर्षी म्हणे अर्ज भरायला बसलेल्या मुलींपैकी निम्म्या मध्येच कंटाळून सोडून द्यायच्या. उरलेल्यांना खाटा पुरायच्या. यंदा शेवटच्या दिवशी नवे संदेश दिसल्यावर अडकलेल्याही परत आल्या, कोणी सोडलंच नाही. फोटो मोठा, तर लहान केला. नंबर चुकला, तर सुधारला. गाव सापडलं नाही, तर आधारवरचं लिहिलं. सगळ्याच्या सगळ्या आत आल्या.

"इतकी वर्षं आमची निवड समिती म्हणजे ते एक वाक्य होतं," मॅडम म्हणाल्या. "आता मला मार्क बघून यादी लावावी लागतेय. पाच वाजता घरी जायचे मी."

मी रंजिताचं विचारलं. कागद चाळल्याचा आवाज आला.

"खाटा जिथं संपतात ना, त्याच्या खालचं पहिलं नाव. प्रतीक्षा यादीत पहिली."

तो अर्ज आत जावा म्हणून आम्ही एक दुपार घालवली होती आणि त्याच दुपारी तिच्यापुढं जाणाऱ्या इतक्या मुलींसाठी दार उघडलं होतं. यात चूक कोणाची, ते स्वच्छ शब्दांत लिहिता येईना.

"प्रतीक्षा यादीवाल्यांना काय मेसेज जातो?" मी विचारलं.

"'आपला अर्ज विचाराधीन आहे.'"

"कोणी विचार करतंय का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "कोण करणार? कोणी खाट सोडली तर मिळेल, नाही तर नाही."

"मग तेच लिहू."

तासाभरानं मी त्यांना वाचून दाखवलं. 'सध्या सगळ्या जागा भरल्या आहेत. प्रतीक्षा यादीत तुमचा नंबर पहिला आहे. कोणी जागा सोडली तर महिनाअखेरपर्यंत आम्ही स्वतः फोन करू. तोपर्यंत फोन आला नाही, तर यंदा जागा नाही.'

"शेवटचं वाक्य काढा हो. वाचून वाईट वाटतं."

"वाईटच आहे ते."

"ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि 'आम्ही स्वतः फोन करू' म्हणजे मीच करणार ना? ठेवा."

संध्याकाळी उत्तमसिंगचा फोन. त्यानं मला माझाच संदेश अक्षर अक्षर वाचून दाखवला. मग म्हणाला, "म्हणजे महिना सरेस्तोर वाट पाहाची."

"हो."

"मंग नाही."

"मग नाही."

"समजलं." पुढं तो म्हणाला, "ते दुसरंवालं आलं असतं ना, बबिताच्या बहिणीले मागच्या साली आलतं ते, विचाराधीन का काय, त मी कालच ढाणकीच्या कॉलेजात नाव टाकून आलो असतो. त्याचा काही अंतच नसते. आता महिना हाय, त महिनाभर थांबतो. पोरगी बी म्हणते थांबू."

या सगळ्या व्यवहारात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि तीसुद्धा त्याला द्यायची नव्हती.

महिना हा थांबणाऱ्यासाठी फार लांब असतो आणि थांबवणाऱ्यासाठी त्याहून. पोळा आला आणि गेला. मी रोज काहीतरी निमित्त काढून कपिलच्या ऑफिसात जाऊन बसायचो.

"काका," तो म्हणायचा, "तुमी कायले घाबरून राह्यले? तुमाले कुठी नर्स व्हाचं हाय?"

मी म्हणायचो की मी नेटसाठी येतो. त्यावर तो फक्त माझ्या पायाकडे बघायचा.

मॅडम रोज निवड झालेल्या एका मुलीच्या आईला फोन करून विचारत होत्या की तुमची मुलगी येणार की नाही. आया म्हणत होत्या, येणार, येणार. मग पोळा होऊन आठवडा झाला असेल, केळापूरकडच्या एका मुलीला नागपुरात जागा मिळाली आणि तिनं इथली खाट सोडली. मॅडमनी ताबडतोब ढाणकीला फोन लावला. उत्तमसिंग कव्हरेज क्षेत्राबाहेर. रंजिताचा फोन बंद. त्यांनी मला लावला, मी नाईकाला लावला, कारण त्याच्या पडवीत रेंज असते.

"जागा भेटली?" रामधन नाईक म्हणाला. "ठेवा फोन. मी सांगतो."

त्यानं ते घरी जाऊन सांगितलं नाही. देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं. नंतर कळलं, घोषणेत रंजिताचं नाव एकदा आलं आणि 'रामधन नाईक तांडा' चारदा. पारावर रामलाल बसला होता. उत्तमसिंग शेतात फवारणी करत होता. त्याला भोंगा ऐकू आला, शब्द कळले नाहीत, कोणी वारलं असं समजून तो पंप टाकून पळत आला. मग सगळ्यांनी मिळून त्याला पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन अंगणात बसलो होतो. उत्तमसिंगचा फोन येणार हे उघड होतं आणि मी त्यासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं. बेताचं होतं, फार मोठं नाही. त्यात भाषा, समाज आणि प्रामाणिकपणा असे तीनच शब्द जड होते.

फोन वाजला.

"राम राम, मारोतराव साहेब. पोरीची पेटी भरून झाली. याडीनं लाडू बी टाकले. उद्या पह्यल्या गाडीनं निघतो."

"उत्तमसिंगजी," मी सुरुवात केली, "ज्या समाजात माणूस माणसाशी स्पष्ट—"

"हाव, हाव. ते एक विचाराचं होतं. त्या मशीनमंदी कुठी लिवलं नाही. गादी तिथी भेटते का घरून न्या लागते? तेवढं लिवून टाका ना बापा."